आयएसईईचा निकाल कसा वाचायचा, तयारी कशाची करायची

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी आईबाबांना मुलांसाठी खाजगी शाळेचा अर्ज भरताना बऱ्याचदा आयएसईई ही परीक्षा समोर येते. शनिवार-रविवारी मी अशा मुलांची तयारी करून घेते. निकाल लागले की फोन ठरलेला: "अहो ताई, गणितात फक्त 52! पुण्याला तर वर्गात पहिला असायचा."

ते 52 गुण नसतात, पर्सेंटाइल असतं, म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे आपलं मूल आहे ते. आणि तुलना देशातल्या सगळ्या मुलांशी नसते. गेल्या 3 वर्षांत त्याच इयत्तेत असताना ही परीक्षा दिलेल्या, म्हणजे खाजगी शाळांसाठीच धडपडणाऱ्या मुलांशी असते. अशा निवडक मुलांत मधोमध येणं वाईट कसं? शेजारच्या रकान्यात स्टेनाइन, म्हणजे पर्सेंटाइलचे गट पाडून दिलेला 1 ते 9 मधला आकडा असतो. 40 ते 59 पर्सेंटाइलचा स्टेनाइन एकच, 5. त्यामुळे 52 चे 57 व्हावेत म्हणून पोराच्या मागे लागू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

तयारीत आपल्या मुलांची खरी अडचण होते ती क्वांटिटेटिव्ह रीझनिंगमध्ये, म्हणजे आकडेमोडीपेक्षा विचार तपासणाऱ्या गणिताच्या भागात. सातवी-आठवीच्या प्रवेशासाठी मिडल लेव्हल असते. तिथे 35 मिनिटांत 37 प्रश्न. एका प्रकारात दोन रकाने देतात आणि मोठा कोणता ते विचारतात. समजा, एकीकडे 3/7 + 4/9 आणि दुसरीकडे 1. आपलं मूल लगेच लसावि काढतं, छेद 63 करतं, 55/63 पर्यंत पोचतं. उत्तर बरोबर, पण वेळ गेला. दोन्ही अपूर्णांक अर्ध्यापेक्षा लहान आहेत, म्हणजे बेरीज 1 पेक्षा कमीच, एवढं नुसतं बघून कळायला हवं. ही नजर पाठांतराने येत नाही. रोज चार-पाच उदाहरणं घ्या आणि "आकडेमोड न करता सांग" एवढंच म्हणा.

शब्दसंग्रहासाठी याद्या घोकून घेणं मला पटत नाही. वाचू द्या, भरपूर वाचू द्या.

चुकीच्या उत्तराला इथे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एसएसएटी या खाजगी शाळांच्याच दुसऱ्या प्रवेश परीक्षेच्या मिडल आणि अप्पर लेव्हलला मात्र चुकीमागे पाव गुण जातो. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलाला हे आदल्या दिवशी पुन्हा सांगा.

आयएसईई वर्षातून 3 वेळा देता येते, प्रत्येक हंगामात एकदा. शरद ऋतूत एकदा देऊन ठेवली, तर हिवाळ्याची संधी हाताशी राहते.

शेवटी 30 मिनिटांचा निबंध असतो. त्याला गुण नाहीत म्हणून पालक तो सोडून देतात, पण त्याची प्रत शाळेकडे जाते. विषय तिथेच कळतो. घरून पाठ करून नेलेला निबंध त्या विषयावर बसवायला जाऊ नका. मुलाला जे सुचेल ते त्याच्याच शब्दांत लिहू द्या.