निखाऱ्यांच्या मधोमध अख्खी टर्की

टर्की कोरडी लागते, बेचव लागते, असं आपल्या लोकांच्या तोंडून मी फार ऐकलंय. म्हणून थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाला कुणी पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलं, की मी आधी त्याच्या ताटात मांडीचा तुकडा वाढते. धुरावर नीट शिजलेली टर्की एकदा खाल्ली की पुढचं फारसं समजवावं लागत नाही.

मी मूळची कागल तालुक्यातली. आता मिनियापोलिसच्या दक्षिणेला राहते. टर्कीपालनात आमचं मिनेसोटा राज्य वर्षानुवर्षं अमेरिकेत आघाडीवर आहे, त्यामुळे पक्ष्यांना इथे तोटा नाही. मात्र नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे सणाच्या दिवशी, इथे बहुधा पाणी गोठवणारी थंडी असते आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. हे दोन्ही धरूनच बेत आखावा लागतो.

पहिली गोष्ट, पक्षी लहान घ्या. पहिल्या वर्षी मी २० पाउंडांची आणली होती आणि २२५ फॅरनहाइटवर ठेवली होती. पाहुणे रात्री दहाला जेवले, छाती भुशासारखी झाली होती आणि मांडीचा सांधा तरीही कच्चाच होता. मोठा पक्षी मंद आचेवर कोमट अवस्थेत फार वेळ राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. ४० ते १४० फॅरनहाइट हा पट्टा मांसाने चार तासांच्या आत ओलांडायला हवा. म्हणून आता मी १२ पाउंडांची, म्हणजे साधारण साडेपाच किलोची आणते. माणसं जास्त असतील तर सरळ दोन आणा.

गोठलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला दर चार-पाच पाउंडांना एक दिवस लागतो. मी शुक्रवारी रात्री ती परातीत ठेवून फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात सरकवते, सोमवारी रात्रीपर्यंत ती सुटते. ओट्यावर ठेवून सोडवू नका, आत बर्फ असतानाच बाहेरचं मांस खराब व्हायला लागतं. आणि एक विनंती, ती नळाखाली धुऊ नका. चिकन-मटण धुतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, मला कळतं. पण त्या पाण्याचे शिंतोडे सिंकभर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. पोटातली कलेजी आणि मान काढा, कागदी टॉवेलने आतून-बाहेरून कोरडी टिपा, एवढं पुरे.

आता मीठ. माझ्या मते टर्कीचं बरंवाईट इथेच ठरतं, गुरुवारी सकाळी फार थोडं आपल्या हातात उरलेलं असतं. सोमवारी रात्री दर किलोला ६ ग्रॅम मीठ वजन करून घ्या, माझ्या टर्कीला ते ३३ ग्रॅम भरतं. चमच्याने मोजू नका, जाड आणि बारीक मिठाचा चमचा सारखा भरत नाही. निम्मं मीठ छातीवर कातडीखाली हात घालून चोळा, उरलेलं मांड्यांवर आणि पोटात, आणि झाकून परत फ्रिजमध्ये ठेवा. आधी मीठ पाणी ओढून घेतं, मग तेच खारं पाणी हळूहळू मांसात मुरतं, आणि मुरलेलं मांस शिजताना आपलं पाणी कमी सोडतं. या मुरण्याला दोन-तीन दिवस लागतात. त्याआधी वेष्टन मात्र वाचा. बऱ्याच टर्क्यांना कारखान्यातच खारं पाणी टोचलेलं असतं. तसं लिहिलेलं असेल तर वरून मीठ लावू नका.

बुधवारी सकाळी झाकण काढून ती फ्रिजमध्ये उघडीच ठेवा. कातडी कागदासारखी सुकली पाहिजे. ओल्या कातडीवर धूर चिकट बसतो आणि ती रबरासारखी चिवट होते.

मसाल्याचं म्हणाल तर मी फक्त जाड कुटलेली मिरी, थोडा थाइम नावाचा सुवासिक पाला आणि तेल लावते. कांदा-लसूण मसाला लावून पाहिला होता, पण तीन-चार तासांच्या आचेत त्यातला लसूण आणि सुकं खोबरं करपून कडू झालं. त्या मसाल्याची जागा रश्शात.

माझ्याकडे वेबर कंपनीची २२ इंची साधी गोल किटली, म्हणजे झाकणाची कोळशाची शेगडी आहे, धुरावर शिजवायचा खास स्मोकर नाही. खालच्या जाळीवर मध्ये पाण्याचं ॲल्युमिनियमचं भांडं ठेवते आणि दोन्ही बाजूंना चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात, पेटवलेल्या कोळशाच्या २५-२५ वड्या रचते. पुढे दर तासाला प्रत्येक बाजूला आठेक, वारा असेल तर दोन-तीन जास्त. पक्षी बरोबर मधोमध ठेवायचा, छाती वर आणि एकेक मांडी एकेका निखाऱ्यांच्या ढिगाकडे. मांडीला छातीपेक्षा जास्त आच लागते, ती तिला अशी आपोआप मिळते. वरची झडप पूर्ण उघडी ठेवा, आच कमी-जास्त करायची ती खालच्या झडपेने. जाळीजवळ २७५ ते ३०० फॅरनहाइट (१३५ ते १५० सेल्सियस) राहू द्या. झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका, तो वरची हवा मोजतो.

थंडी कितीही असो, किटली गॅरेजमध्ये नेऊ नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं मरतात. मी घरापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला उघड्यावर मांडते आणि जाड जाकीट घालते.

धुरासाठी सफरचंदाच्या किंवा चेरीच्या लाकडाचे मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. मेस्कीटचं लाकूड टर्कीला फार उग्र होतं. तुकडे पाण्यात भिजवा, असं इथे बरेच जण सांगतात. मी भिजवत नाही. ओलं लाकूड चुलीत सरकवलं की आजी लगेच ते मागे ओढायची, कारण पांढरा दाट धूर डोळ्यांत जायचाच, पण भाकरीलाही कडवट वास लागायचा. इथेही तसंच. लाकूड टाकल्यावर पहिला पांढरा लोट जाऊ द्या. झडपेतून विरळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर येऊ लागला की मग टर्की ठेवा. मांस सुरुवातीला गार आणि ओलसर असताना धूर सर्वांत जास्त धरतं, म्हणून लाकूड पहिल्या तासातच. पोटात स्टफिंग, म्हणजे सारण, भरू नका, ते मधोमध तापायला फार वेळ घेतं. मी अर्धा कांदा आणि सफरचंदाची फोड टाकते, बस.

वेळ किती? १२ पाउंडांना साधारण साडेतीन तास, कडाक्याच्या थंडीत चार. पण घड्याळ फक्त पाहुण्यांना वेळ सांगण्यापुरतं. खरा निकाल थर्मामीटरचा. छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सियस) यायलाच हवं. मांडीत मी १७५ होईपर्यंत थांबते, तेव्हा तिथले चिवट धागे विरघळून मऊ होतात. छाती पुढे पळत असेल तर तिच्यावर फॉइल टाका. काही पक्ष्यांत वर उडी मारणारं प्लास्टिकचं बटण खोचलेलं असतं, त्याच्याकडे लक्षच देऊ नका. आणि झाकण सारखं उघडू नका, इथल्या हवेत आच झटकन पडते.

उतरवल्यावर अर्धा तास तशीच ठेवा, घट्ट झाकू नका, नाहीतर कातडी पुन्हा ओली होते. मग छातीचा पूर्ण तुकडा हाडापासून सोडवून आडवे काप करा.

कापताना कातडीखाली गुलाबी कडा दिसेल. आई इथे आली होती तेव्हा ती कडा पाहून म्हणाली, "अगं, कच्ची राहिलीय ही, परत ठेव." मी तिच्यासमोर थर्मामीटर खोचून दाखवला, तेव्हा तिने घास घेतला. धुरातले वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून बसतात आणि शिजल्यावरही तो रंग जात नाही. आकडा बरोबर असेल तर निर्धास्त खा.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि हाडं मुळीच फेकू नका. शुक्रवारी आमच्याकडे त्यांचा पांढरा रस्सा होतो. सांगाडा मोडून आलं, लसूण, मिरी आणि वेलदोड्याबरोबर तीन तास मंद उकळायचा, गाळायचा, त्यात काजू-तिळाचं वाटण शिजवायचं आणि आच अगदी बारीक करून नारळाचं दूध घालायचं, नाहीतर ते फाटतं. मीठ शेवटी, चव घेऊन. हाडांबरोबर ते बरंचसं आधीच आलेलं असतं.