चित्रातला इतिहास वाचायचा कसा? मसूर स्टेशनावरून सुरुवात करा

ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेलं पुस्तक, चवीचवीनं, सावकाश वाचावं असं कुणी सांगितलं तर पहिल्या फेरीत तरी ऐकू नका. सुसाट वाचा. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं झेरॉक्स-बायंडिंगचं दुकान आहे, दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेवढ्यात अर्धं पुस्तक आरामात होतं. दुसऱ्या फेरीत मात्र मजकुरावर कागदाचा तुकडा ठेवायचा आणि नुसती चित्रं बघायची. मग त्याच प्रसंगावरचं इतिहासाचं पुस्तक शेजारी उघडायचं. माझी पद्धत एवढीच, पण ती जोडी नीट जमवावी लागते.

पहिली जोडी आपल्याच भागातली घ्या. 'भीमायन' हे बाबासाहेब आंबेडकरांवरचं, २०११ साली आलेलं पुस्तक दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलंय. यात चौकोनी चौकटी नाहीत. गोंड नक्षीच्या वळणदार पट्ट्या पानाचे भाग पाडतात. आगगाडी सापासारखी, किल्ला हिंस्र जनावरासारखा. बोलण्याचे फुगे तर नीट बघाच: साध्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. कागदानं अक्षरं झाकली तरी कोण डंख मारतोय ते कळतं. रंगीत पानं चाळून हे पुस्तक बाजूला ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

त्यातला मसूरचा प्रसंग घ्या. हे स्टेशन आपल्या कोल्हापूर-पुणे मार्गावरच आहे, आपण गाडीत डुलक्या काढत तिथनं जातो. १९०१ साली छोटा भीमराव, थोरला भाऊ आणि दोन भाचे वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला निघाले आणि मसूरला उतरले. न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तरनं चौकशी केली, मुलांनी महार असल्याचं सांगितलं आणि त्याचा चेहराच पालटला. पुढं दुप्पट भाडं देऊनही बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि रस्त्यात पाणी नाही.

आता शेजारी बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहिलेली आठवण ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत बाराव्या खंडात ती आहे. प्रवासासाठी घेतलेले नवे शर्ट, भरजरी टोप्या, रेशीमकाठी धोतरं, सगळं त्यात येतं. कपड्यांवरून मास्तरला ही ब्राह्मणांची पोरं वाटली होती. आणि वडील का आले नाहीत? मुलांचं पत्र नोकराच्या हाती पडलं होतं, त्यानं ते दिलंच नाही. असला तपशील वहीत टिपायचा. वही मधोमध रेघ मारून घ्या, डावीकडं चित्रातलं, उजवीकडं लेखी. एका बाजूला काही आहे आणि दुसरीकडं जागा कोरी आहे, अशा ओळींवर खूण करा. वाचायची खरी मजा तिथं आहे.

मग तिथंच न थांबता माणगावला या. हातकणंगले तालुक्यातल्या या गावात मार्च १९२० मध्ये अस्पृश्यांची परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब, आणि शाहू महाराज स्वतः आले. महाराजांवर वाचायचं तर महाराजांना जवळून पाहिलेल्या अण्णासाहेब लठ्ठ्यांचं इंग्रजी चरित्र १९२४ चं, म्हणजे महाराज गेल्यावर दोनच वर्षांनी आलेलं. इतिहासकार जयसिंगराव पवारांचं काम त्यानंतर कितीतरी दशकांनी. कुठलंही चरित्र उघडलं की आधी छापल्याचं साल बघायचं. जवळच्या माणसाला पुष्कळ ठाऊक असतं आणि त्यातलं पुष्कळ तो गिळतोही. भवानी मंडपाकडं गेलात तर कनवात, म्हणजे करवीर नगर वाचन मंदिरात, जुन्या आवृत्त्यांची चौकशी करा. हे वाचनालय १८५० पासूनचं आहे, जुनं काही मागायला लाजू नका.

'माऊस' मात्र सुसाट वाचता येत नाही, तिथं माझाच नियम मोडतो. आर्ट स्पीगलमननं ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं काढलीत. दोन भाग, १९८६ आणि १९९१, आणि १९९२ साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार. छळछावणीइतकंच मला त्यातलं स्पीगलमन आणि त्याच्या बापाचं भांडण महत्त्वाचं वाटतं. आऊश्वित्झमधून वाचलेला बाप चिक्कू आहे, हट्टी आहे, आणि त्यानं बायकोच्या डायऱ्या जाळून टाकल्यात. लेक त्याला खुनी म्हणतो. म्हणजे आईची बाजू कायमची गेली आणि पुस्तक ते लपवत नाही. आपल्याकडं चरित्रनायकाला साधं पडसंही होत नाही, त्या मानानं हे लईच धाडसाचं. प्राण्यांची युक्ती मला सगळीकडं पटत नाही, पोलिश माणसं सरसकट डुकरं काढणं खटकतं. खटकलं ते वहीत लिहा, पुसू नका.

'पर्सेपोलिस' १९७९ च्या इराणी क्रांतीत वाढलेल्या मुलीचं, मर्जान सत्रापीचं. काळंपांढरं, वाचायला सोपं. घरातला भाग झकास, व्हिएन्नाला गेल्यावर जरा सैल पडतं. त्याआधी १९५३ साली इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार कसं उलथवलं गेलं ते कुठल्याही बऱ्या इतिहासातून वाचून घ्या, नाहीतर घरातली मोठी माणसं इतकी का चिडलीत ते कळणार नाही.

आणि वही साधीच घ्या, दोनशे पानी, शिवणीची. पिनांची घेऊ नका, मधली पानं सुटतात.