वस्तीत प्रोजेक्टला जाताय? या चुका टाळा

दरवर्षी सेमिस्टर सुरू झालं की पोरं-पोरी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात, हातात सर्व्हेचा फॉर्म तयार, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, कोणती वस्ती घेऊ?" मी एकवीस वर्षं नागपुरात समाजकार्य शिकवतेय, मध्ये सहा वर्षं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) पण सांभाळलं, आणि तेच तेच पाहून आता जीव तुटतो म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतेय.

संधी आता भरपूर आहेत हे आधी सांगते. एनएसएस १९६९ पासून आहेच, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानात कॉलेजं पाच-पाच गावं घेतात, एमबीबीएसच्या मुलांना पहिल्या वर्षापासून कुटुंबं दत्तक दिली जातात. आणि नव्या शैक्षणिक धोरणाने तर बीए, बीकॉम, बीएस्सी सगळ्यांच्याच अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट आणलं, दोन क्रेडिट म्हणजे साठ तास. जे आधी आमची एमएसडब्ल्यूची (समाजकार्यात एमए करणारी) मुलं करायची ते आता सगळे करणार. मला याचा मनापासून आनंद आहे. पण साठ तास कसेतरी भरायचे म्हणून कोणाच्या दारात जाऊ नका, कारण त्या दारामागे माणसं राहतात आणि तुमच्या चुकीची किंमत ती मोजतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे आपण कोण हे नीट न सांगता फॉर्म भरायला बसणं.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट कोणी नागपूरकर विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी थेट घरात. आठवड्याभरात एका कॉलेजची मुलं नदीकाठच्या वस्तीत पूरग्रस्तांचा अभ्यास करायला गेली, आणि त्यांची प्रश्नावली तपासून देणाऱ्यांत मीही होते. गळ्यात आयकार्ड, हातात क्लिपबोर्ड, प्रश्न काय तर किती पाणी शिरलं, काय काय वाहून गेलं, अंदाजे किती रुपयांचं नुकसान. त्याच दिवसांत सरकारी माणसं पंचनामे करत फिरत होती. चिखल उपसत बसलेल्या बाईला या दोन क्लिपबोर्डांतला फरक कसा कळणार? मला तो कागद तपासताना हे सुचलं नाही.

एका ताईंनी त्यातल्या एका विद्यार्थिनीला बसायला पाट दिला, स्वतः उभ्याच राहिल्या. धान्याची कोठी उघडून दाखवली, आत तांदूळ फुगून आंबट वास सुटला होता. मग प्लास्टिकच्या पिशवीतून फ्रिजची पावती काढली, शाई पूर्ण पसरलेली, ती उन्हात धरून एकेक आकडा वाचून दाखवला. मुलीने सगळं लिहून घेतलं, खाली सही घेतली, "थँक्यू काकू" म्हणून पुढच्या घरी गेली. तीन दिवसांनी खरे पंचनाम्यावाले गल्लीत आले तेव्हा ताई धुण्याभांड्याच्या कामावर, सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "आमचं तं झालं ना लिहून, परवाच पोरी आल्या होत्या." ते पुढे निघून गेले.

हे आम्हाला कळलं दहा-बारा दिवसांनी, ताईंनी त्या मुलीला फोन करून विचारलं की पैसे केव्हा जमा होतील. मुलगी माझ्याकडे रडतच आली. गल्लीत जाऊन पाहिलं तर अशी तीन घरं निघाली. चार दिवस तहसीलला खेटे घातले, दोघांची नावं मागाहून लागली, तिसऱ्याचं नाही लागलं, ते भाड्याने राहायचे आणि घरमालकाने कागद द्यायला सरळ नाही म्हटलं. त्या घरासमोरून मला अजूनही जावं लागतं आणि दर वेळी जड जातं.

तेव्हापासून माझा नियम आहे, पहिल्या भेटीत फॉर्म न्यायचा नाही, पेनही खिशातून काढायचं नाही. आणि बोलायला सुरुवात करताना आपण कोण नाही हे आधी सांगायचं. "आम्ही सरकारकडून आलो नाही, महानगरपालिकेकडून नाही, आमच्या लिहिण्याने पैसे, घर, जागेचा पट्टा काही मिळणार नाही, आम्ही कॉलेजात शिकतो." हे प्रत्येक घरात सांगायचं आणि निघताना परत एकदा सांगायचं. एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, "असं सांगितलं तर लोक बोलतील का मॅडम?" बोलतात. दहातले दोन नाही बोलत, तो त्यांचा हक्क आहे. आणि आधार नंबर कोणत्याही फॉर्मवर लिहून घ्यायचा नाही, तुम्हाला त्याची गरज नसते. जिथे पट्ट्यांचा विषय चालू आहे तिथे सही-अंगठ्याला लोक घाबरतात आणि त्यांना कारण आहे घाबरायला. आरोग्यावरचं संशोधन असेल आणि छापायचं असेल तर आधी एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनात लोकांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीकडे जा. लेखी संमती लागत असेल तर तो कागद त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, एक प्रत त्यांच्याकडे राहू द्या. मुलांशी बोलायचं असेल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा, अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती लागते आणि मूल सात वर्षांच्या वरचं असेल तर त्याचा स्वतःचा होकारही लागतो. अंगणवाडीत शिरून पोरांचे फोटो काढून स्टेटसला टाकणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

प्रश्नांबद्दल. आजकाल प्रश्नावली एआयकडून काढून आणतात आणि त्यात असतं "आपणांस जलसंकटाची तीव्रता किती जाणवते?" अरे, "नळ केव्हा येतो, किती वेळ राहतो" असं विचारा ना, तीच बाई पंधरा मिनिटं बोलेल. वार्षिक उत्पन्न विचारू नका. रोजंदारीवाल्या माणसाला वर्षाचा आकडा माहीत नसतो, तो उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा सांगतो आणि तुम्ही त्यावर पाय चार्ट काढता. मागच्या हप्त्यात किती दिवस काम लागलं, रोज किती मिळाला, एवढंच विचारा, बाकी हिशोब तुम्ही करा. आणि एका रविवारी चाळीस फॉर्म भरून आणलेत तर मला कौतुक वाटत नाही, निम्मे पानठेल्यावर बसून भरलेत हे आकडेच सांगतात, सगळ्या घरांत माणसं पाच आणि सगळ्यांचं उत्पन्न साठ हजार. माझी मुलं दिवसाला चार घरं करतात, त्याच्या वर मी करू देत नाही.

पथनाट्य. जिथे कचरागाडीच येत नाही तिथे स्वच्छतेवर पथनाट्य करू नका.

झाडं लावायची तर उन्हाळ्यात पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी सांगा, नाहीतर खड्डे करू नका.

"गाव दत्तक घेतलं" हा शब्द मला मुळीच आवडत नाही. सरकारी कागदावर असेल तर असू दे, गावात जाऊन बोलू नका. गावाला ग्रामसभा असते, सरपंच असतो, गाव पोरकं नसतं. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा, धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव, तिथे लोकांनी स्वतःचे अभ्यास गट चालवले, ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घ्यायची पद्धत लावली आणि २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. अशा गावाला कोणतं कॉलेज दत्तक घेणार? तिथे आपण शिकायला जायचं.

आता माझा दुसरा मोठा राग, निकाल परत न नेणं.

हिंगणा तालुक्यातल्या एका गावात मी बॅच घेऊन गेले होते, विषय पाण्याचाच. ओट्यावर एक आजी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मुलीने फॉर्म काढला तशा त्या म्हणाल्या, "मागच्या सालीबी पोरी आल्या होत्या बाई, हेच पुसलं. त्याचं काय झालं थे सांग पयले." आमच्याकडे उत्तर नव्हतं. परत येऊन शोध घेतला, मागच्या वर्षीचा रिपोर्ट लायब्ररीत होता, काळं बायंडिंग, सोनेरी अक्षरं, ८४ पानं, सगळा इंग्रजीत. गावात त्यातलं एक पानही पोचलं नव्हतं.

तेव्हापासून शंभरातले वीस मार्क मी निकाल परत नेण्यासाठी ठेवते, विद्यापीठाचा कागद काही म्हणो, माझ्या अंतर्गत मूल्यमापनात तेवढं माझ्या हातात असतं. एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि ते समाजमंदिरात किंवा विहारात लोकांसमोर वाचून दाखवायचं. मुलं याला घाबरतात, कारण लोक चुका काढतात, आणि नेमकं म्हणूनच ते करायचं. त्याच गावात पुढच्या वर्षी पाण्याच्या ठिकाणांचा नकाशा चार्टवर काढून नेला तर एक बाई मागून उठली, "अन् आमची टोली कुठी हाय यात?" नाल्यापलीकडची अख्खी टोली सुटली होती, कारण आमची मुलं सिमेंट रोड संपला तिथूनच परत फिरली होती. मग त्या बाईनेच स्केच पेन घेतला आणि नाला, टोली, बंद पडलेलं बोरिंग, पाणी भरायची विहीर सगळं काढलं. आमच्या दीड महिन्याच्या डेटात जे नव्हतं ते दहा मिनिटांत आलं.

यावर कोणी म्हणतं की हे सगळं समाजसेवा म्हणून ठीक, खऱ्या रिसर्चमध्ये चालत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम वाचा मग. बंग दाम्पत्याने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, बाळाची तपासणी आणि नोंदी त्या बायकाच करायच्या, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. वर्षानुवर्षं तिथे राहून केलंय ते. एका सेमिस्टरमध्ये पेपर पाहिजे म्हणणाऱ्या माझ्या पीएचडीच्या मुलांना मी हेच सांगते आणि त्यांना ते आवडत नाही.

शेवटची गोष्ट वेळेची, यात जवळपास सगळेच चुकतात. कॉलेजचं वेळापत्रक आणि लोकांचं वेळापत्रक वेगळं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये बाया निंदणाला, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, मग जानेवारीपर्यंत कापूस वेचणी, आणि आपण सकाळी अकराला बस घेऊन जातो आणि रिपोर्टमध्ये लिहितो की महिलांचा प्रतिसाद कमी मिळाला. संध्याकाळी सातनंतर जा, नाहीतर पहाटे. शहरातल्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या बाया दीड-दोनला परत येतात, त्यांना जेवू द्या, मग तीनला जा. उत्तर नागपुरात १४ एप्रिलच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास सर्व्हे ठेवू नका, त्या दिवसांत जायचंच तर कामाला हात लावायला जा. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुका निघतात तेव्हा, महाल-इतवारीत क्लिपबोर्ड घेऊन फिरणारी मुलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत.

गावातलं काम असेल तर निकाल ग्रामसभेत ठेवायचा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला लागतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. १ मेला तुमच्या परीक्षा, १५ ऑगस्टला तुमचं काम सुरूच झालेलं नसतं, २ ऑक्टोबरला हातात काही नसतं, म्हणजे उरली २६ जानेवारी. तिथून उलटं मोजा. ऑगस्टमध्ये नुसतं भेटून या, एक-दोनदा शिवारफेरी करा, फॉर्म दिवाळीनंतर, डिसेंबरमध्ये बेरीज-वजाबाकी आणि एक पान लिहून तयार. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) भेटून विषय लेखी द्या आणि पोच घ्या, नुसतं तोंडी सांगितलं तर विषयपत्रिकेत तो येत नाही.