पोराच्या उजव्या कुशीत दुखतंय? सोनोग्राफीला निघण्याआधी

बेळगावात सीटीच्या खोलीत मी टेक्निशियन आहे. रात्रपाळीला खानापूर, चिक्कोडीकडची पोरं येतात. दुखणं आधी बेंबीभोवती, मग उजवीकडे खाली गेलेलं. एक-दोन उलट्या, जेवण नको. हे अपेंडिक्सचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी लोंबणाऱ्या बोटाएवढ्या नळीचं, दुखणं असू शकतं. असं असलं तर ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेऊ नका, एरंडेल पाजू नका. निघा. वाटेत चहा-बिस्किटसुद्धा नको, कारण ऑपरेशन ठरलं तर पोट रिकामं लागतं.

आल्या आल्या वडील म्हणतात, “मोठ्या मशिनीतच घाला की हो!” पोरांना आधी सोनोग्राफीच. सीटीत क्ष-किरणं लागतात, वाढत्या अंगाला ती जास्त बाधतात. साध्या एक्स-रेचा इथं फारसा उपयोग नाही.

सोनोग्राफीत डॉक्टर प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा दांडा, हळूहळू दाबत नेतात, मधली आतडी बाजूला सारायला. पोराला आधीच सांगून ठेवा, “सगळ्यात जास्त दुखतं तिथं एक बोट ठेव.” ते बोट फार कामाचं. चांगलं अपेंडिक्स दाबलं की चपटं होतं. सुजलेलं दबत नाही, जाडी साधारण ६ मिलिमीटरच्या वर जाते, आणि आडवं बघितलं तर बांगडीत बांगडी ठेवल्यासारखं दिसतं.

आता रिपोर्टातली ती ओळ: ‘अपेंडिक्स दिसलं नाही’. लोक ती ‘काही नाही’ अशी वाचतात आणि गावची बस धरतात. पोटात गॅस असला, पोर अंगानं जाड असलं, अपेंडिक्स आतड्यामागं दडलेलं असलं तरी ते दिसत नाही. रिपोर्ट घेऊन सर्जनकडं जा. ते पोट तपासून, रक्त बघून ठरवतील: काही तासांनी परत सोनोग्राफी, नाहीतर सीटी, सोय असली तर एमआरआय. मधेच दुखणं एकदम थांबलं तरी हुरळू नका. अपेंडिक्स फुटल्यावरही घटकाभर आराम पडतो.

वयात आलेल्या मुलीला लघवी धरून ठेवायला सांगा, म्हणजे अंडाशयही नीट दिसतं. अंडाशयाला पीळ पडला तरी असंच दुखतं. पण त्यासाठी पाणी पाजू नका. पाळीची तारीख विचारली, गरोदरपणाची तपासणी सांगितली, तर चिडू नका. सीटीआधी ती लागते.

सीटी ठरलीच तर किडनीचा त्रास, औषधाची ॲलर्जी आधी सांगा. फोटो उठून दिसायला देतात ते औषध शिरेतून गेलं की अंगभर ऊब पसरते. न सांगता दिलं की पोरं रडवेली होऊन म्हणतात, “मामा, चड्डीत झाली.” झालेली नसते.