जुनी त्सुबा घेताना आधी मधलं भोक पाहा

जपानी तलवारीच्या मुठीजवळची चकती, म्हणजे त्सुबा, हातात आली की नजर आधी नक्षीवर जाते. ती आवरा आणि मधलं पाचरीच्या आकाराचं भोक पाहा. त्यातून पात्याचा शेपटा, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, जातो. खरोखर तलवारीवर बसलेल्या त्सुबात या भोकाच्या कडा छिन्नीने ठोकलेल्या दिसतात, कधी टोकांना तांब्याचे छोटे तुकडे बसवलेले असतात, कारण दुसऱ्या पात्यावर चढवताना माप जुळवावं लागे. भोवतालच्या भागावर दाबाच्या, घासल्याच्या खुणाही सापडतात. अर्थात, काही सुंदर त्सुबा कधीच तलवारीवर चढल्या नाहीत, म्हणून केवळ कोरं भोक पाहून वस्तू नाकारू नका.

मग भिंग घ्या. जाळीदार नक्षीच्या आतल्या भिंती पाहा, कारण नकल करणारा तिथेच आळस करतो. ओतीव नकलेत साच्याची शिवण, बारीक छिद्रं आणि गोलसर, बोथट कडा दिसतात. हाताने कापलेल्या कामात कड स्वच्छ असते. माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे असलेली ‘नानाको’ जमीन, म्हणजे नक्षीमागचा पृष्ठभाग, असेल, तर दाणे कोपऱ्यापर्यंत सुबक आहेत का ते तपासा.

सहीवर मात्र भिस्त ठेवू नका. नोबुइए, कानेइए अशा नामवंत त्सुबा-कारागिरांच्या खोट्या सह्या जुन्या काळापासून कोरल्या गेल्या आहेत.

आणि कृपा करून पॉलिश लावू नका! शाकुदो या तांबं-सोन्याच्या मिश्रधातूची निळसर काळी झाक एकदा घासली की गेलीच.