क्रॉसरेफमध्ये नाव नोंदवलंत? डीओआयची शेपटी आधी ठरवा

क्रॉसरेफ ही संस्था प्रकाशकांच्या लेखांचे डीओआय, म्हणजे लेखांची कायमची ओळखचिन्हं, नोंदवते. तिचं सदस्यत्व मिळालं की प्रकाशकाला डीओआयसाठी 10 ने सुरू होणारा उपसर्ग मिळतो. त्यानंतरच्या तिरक्या रेघेपुढचा भाग, म्हणजे शेपटी, मात्र आपण ठरवायची, आणि घोळ तिथेच होतो. नियतकालिकाचं नाव, खंड, अंक, पानं असं सगळं त्यात कोंबलं जातं. पुढे नाव बदललं किंवा पानं सरकली की डीओआय वाचणाऱ्याची दिशाभूल करतो, कारण एकदा नोंदवलेला डीओआय बदलता येत नाही, पुसताही येत नाही.

त्यापेक्षा असं करा:

१. सात-आठ अक्षरांची, अर्थ नसलेली शेपटी घ्या. लहान-मोठ्या रोमन अक्षरांत डीओआय फरक करत नाही, म्हणून सगळी लहानच ठेवा.

२. शून्य आणि ओ, एक आणि एल यांच्यासारखी फसवी चिन्हं टाळा. हाताने टंकणारा वाचक तुमचे आभार मानेल!

३. दिलेल्या शेपट्यांची एकच यादी ठेवा, म्हणजे दुबार नोंद होणार नाही.

लेखाची संदर्भसूचीही डीओआय नोंदवताना सोबतच जमा करा. ती दिली नाही तर तुमच्या लेखांतली उद्धरणं क्रॉसरेफच्या जाळ्यात दिसतच नाहीत.

संकेतस्थळ हलवलंत तर लेखांचे नवे पत्ते क्रॉसरेफला लगेच कळवा. त्याला वेगळं शुल्क पडत नाही.