आधी मूठ, मग रॅकेट: टेनिस रॅकेट आणि ग्रिपचा साइज कसा निवडावा

दुकानात रॅकेट बघताना बहुतेकजण एकाच क्रमाने जातात. आधी रंग, मग कंपनी, मग हातात घेऊन हवेत दोन फटके, आणि शेवटी किंमत. मुठीचा साइज कुणी विचारतच नाही. जो शिल्लक असतो तोच पिशवीत पडतो. वास्तविक संपूर्ण रॅकेटमध्ये तुमच्या हाताला लागणारा भाग तेवढा एकच असतो. गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा, बदलता येतं, फ्रेमला शिशाची पट्टी लावून वजन वाढवता येतं, पण जाड मूठ तासून बारीक करणं आजच्या बहुतेक फ्रेममध्ये जमत नाही. म्हणून निवड मुठीपासून सुरू करावी.

एक घोळ आधी मिटवू. आपल्याकडे ‘ग्रिप’ हा एकच शब्द तीन गोष्टींना वापरतात: मुठीचा घेर, मुठीवर गुंडाळलेली पट्टी, आणि रॅकेट धरण्याची पद्धत. दुकानात नुसतं “ग्रिप दाखवा” म्हटलं की तुमच्यासमोर पट्ट्यांची पाकिटं येतात. त्यामुळे “ग्रिप साइज दोन” किंवा “एल-टू” असं नेमकं मागा.

हात मोजा

मोठ्यांच्या रॅकेटचे साइज शून्य ते पाच असे असतात आणि प्रत्येक पायरीला घेर एक अष्टमांश इंचाने, म्हणजे ३.२ मिलिमीटरने वाढतो. शून्य म्हणजे ४ इंच (१०२ मिमी), एक म्हणजे ४ १/८ (१०५), दोन म्हणजे सव्वाचार (१०८), तीन म्हणजे ४ ३/८ (१११), चार म्हणजे साडेचार (११४) आणि पाच म्हणजे ४ ५/८ (११७). हा आकडा बहुधा बट कॅपवर, म्हणजे मुठीच्या बुडाच्या टोपणावर छापलेला असतो. काही कंपन्या तो फ्रेमच्या गळ्याजवळ आतल्या बाजूला छापतात.

मोजायला शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. ज्या हाताने खेळता तो हात उघडा, बोटं सरळ आणि एकमेकांना चिकटलेली ठेवा. तळव्यावर दोन मोठ्या आडव्या रेषा दिसतील. हस्तरेषा बघणारे बोटांजवळच्या रेषेला हृदयरेषा म्हणतात आणि तिच्याखालच्या रेषेला मस्तकरेषा. आपल्याला मस्तकरेषा हवी. पट्टीचा शून्य त्या रेषेवर ठेवा, पट्टी मधलं बोट आणि अनामिका यांच्या मधून वर न्या आणि अनामिकेच्या टोकाशी आकडा वाचा. १०८ मिमी आला तर तुमचा साइज दोन, १११ आला तर तीन. चूक बहुतेक वेळा रेषेतच होते. हृदयरेषेपासून मोजलं की आकडा बराच कमी येतो आणि माणूस नको इतकी बारीक मूठ घेऊन बसतो. पट्टीच्या टोकाला शून्याआधी मोकळी जागा असते, तिच्याकडेही लक्ष असू द्या.

मोजमाप म्हणजे पहिला अंदाज. पक्की खात्री रॅकेट हातात घेऊनच होते. फोरहँडसाठी धरता तशी मूठ धरा. आता दुसऱ्या हाताची तर्जनी अनामिकेचं टोक आणि अंगठ्याखालचा मांसल उंचवटा यांच्या मधल्या फटीत घाला. बोट अलगद बसलं की साइज बरोबर. बोट शिरतच नसेल तर मूठ बारीक आहे. बोट घालूनही जागा उरत असेल तर मूठ जाड आहे. ही तपासणी ओव्हरग्रिप, म्हणजे मूळ ग्रिपवर गुंडाळायची पातळ बदलती पट्टी, लावलेल्या रॅकेटवर करा, कारण खेळणार तुम्ही ओव्हरग्रिप लावूनच. दुकानातल्या कोऱ्या मुठीवर बोट अगदी नेमकं बसलं, तर घरी ओव्हरग्रिप चढवल्यावर ती मूठ जाड होणार.

चुकीच्या साइजने काय बिघडतं

मूठ बारीक असली की चेंडू तारांच्या मध्यभागी न बसता कडेला लागताच रॅकेट हातात फिरते. ती फिरू नये म्हणून खेळाडू नकळत जोरात आवळतो आणि तासाभरात कोपराखालचे स्नायू भरून येतात. जाड मुठीचा त्रास वेगळा. सर्व्हिससाठी काँटिनेंटल आणि फोरहँडसाठी सेमी-वेस्टर्न अशी पकड बदलताना हात अडतो, मनगट मोकळं फिरत नाही, सर्व्हिसचा झटका कमी होतो आणि अंगठ्याचं मूळ दुखू लागतं.

टेनिस एल्बोचं सगळं खापर मात्र मुठीवर फोडू नये. योग्य मापापेक्षा पाव इंच बारीक किंवा पाव इंच जाड मूठ दिली तरी अनुभवी खेळाडूंच्या हाताच्या स्नायूंच्या कामात लक्षणीय फरक पडत नाही, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. कोपर दुखण्यामागे उशिरा मारलेला बॅकहँड, फार ताठ फ्रेम, पॉलिएस्टरचं कडक गटिंग आणि सतत आवळलेली मूठ अशी कारणं सहसा एकत्र असतात. साइज बदलून दुखणं थांबलं नाही तर बाकीच्या गोष्टी तपासा आणि डॉक्टरांना दाखवा.

दोन साइजच्या मधे असाल तर लहान साइज घ्या. एक ओव्हरग्रिप लावली की घेर दीड-दोन मिमीने, म्हणजे साधारण अर्ध्या साइजने वाढतो. पूर्ण एक साइज वाढवायचा असेल तर मूळ ग्रिप काढून मुठीवर हीट-श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, चढवतात. हे काम गटिंग करणाऱ्याकडूनच करून घ्या. मात्र त्याने मुठीच्या बाजूला १५ ग्रॅमच्या आसपास वजन वाढतं आणि रॅकेटचा तोल बदलतो. दोन-तीन ओव्हरग्रिप एकावर एक चढवू नका. मूठ अष्टकोनी असते, आणि तिच्या कडांवरूनच हाताला न बघता कळतं की पकड कुठे आहे. थर वाढले की कडा बुजतात, मूठ गोल होते आणि व्हॉलीच्या घाईत रॅकेटचं तोंड नेमकं किती वळलंय हे उमगत नाही. मूठ थोडी जाड वाटत असेल तर मूळची गुबगुबीत ग्रिप काढून पातळ किंवा चामड्याची ग्रिप लावून पाहा. घेर किंचित कमी होतो आणि कडा ठळक होतात, पण चामडं वजनाला जड असतं.

ओव्हरग्रिप गुंडाळताना

काढायची ती फक्त जुनी ओव्हरग्रिप. खालची गादीची ग्रिप तशीच राहू द्या. मुठीच्या वरच्या टोकाचा रबरी कॉलर आधी गळ्याकडे सरकवा. नव्या पट्टीवरचं पातळ प्लास्टिक काढा. पहिल्यांदा लावणारे ते हमखास विसरतात आणि मग पट्टी घसरते म्हणून तक्रार करतात. पट्टीचं निमुळतं, चिकट टोक बुडाच्या कडेला लावून तिथेच एक पूर्ण वेढा द्या, म्हणजे बुडाचा फुगीर भाग झाकला जाईल. मग पट्टी हलक्या ताणाने तिरकी वर न्या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर ३-४ मिमी चढला पाहिजे. अर्धी पट्टी चढवली तर मूठ जाड होते आणि पट्टी वरपर्यंत पुरत नाही. काहीच चढवली नाही तर खेळताना फटी पडतात. वर पोचल्यावर उरलेलं टोक तिरकं कापा, पाकिटातली चिकटपट्टी लावा आणि कॉलर खाली ओढा. उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी मूळ ग्रिप ज्या दिशेने आहे त्याच दिशेने गुंडाळावं. डावखुऱ्यांनी मूळ ग्रिपही उलट दिशेने लावून घेतली तर पट्टीच्या कडा तळव्याखाली उलगडत नाहीत.

मुंबई, कोकण, गोव्यात वर्षातले बरेच महिने तळहात ओलाच असतो. तिथे चिकट, चकचकीत ओव्हरग्रिप पहिल्या सेटपुरती छान लागते, पण घामाने भिजली की साबणासारखी होते. कापडासारखी कोरडी, खरखरीत ओव्हरग्रिप घाम शोषते आणि ओली झाली तरी धरून ठेवते. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात मात्र तीच हातातून सटकते. तेव्हा चिकट बरी.

आता फ्रेम

वजनाच्या आकड्यात सगळ्यात जास्त फसगत होते. रॅकेटवर किंवा वेबसाइटवर दिलेलं वजन बहुधा विनागटिंग असतं. तारांचे १५-१७ ग्रॅम आणि ओव्हरग्रिपचे ५-६ ग्रॅम धरले की ३०० ग्रॅमची रॅकेट कोर्टवर ३२०च्या पुढे जाते. नव्याने शिकणाऱ्या तरुणाला विनागटिंग २८० ते ३०० ग्रॅम झेपतं. ताकद कमी असेल किंवा पन्नाशीनंतर सुरुवात करत असाल तर २६० ते २८५ बघा. आठवड्यातून चार-पाच दिवस खेळणाऱ्या, पूर्ण स्विंग घेणाऱ्या खेळाडूनेच ३०५च्या पुढे जावं. हलकी तेवढी हाताला सोपी, असा समज आहे. तो अर्धाच खरा. हलकी रॅकेट फिरवायला सोपी असते, पण समोरून वेगात आलेल्या चेंडूपुढे ती मागे ढकलली जाते आणि तो धक्का हात सोसतो. झेपेल त्यातली जड रॅकेट घ्यावी. तासाभराने सर्व्हिस खाली पडू लागली तर ती झेपत नाही असं समजा.

वजन कुठे आहे तेही बघा. साधारण रॅकेट २७ इंच, म्हणजे ६८.५ सेंटीमीटर लांब असते. तिचा मध्य बुडापासून ३४.२५ सेंमीवर येतो. गटिंग केलेली रॅकेट फूटपट्टीच्या कडेवर आडवी तोलून धरा आणि ती जिथे स्थिर राहील तिथून बुडापर्यंत मोजा. ३३ सेंमी भरलं तर रॅकेट मुठीकडे जड, म्हणजे हेड-लाइट. ३५ भरलं तर हेड-हेवी. जड रॅकेट हेड-लाइट असावी, नाहीतर नेटजवळ हात उशिरा पोचतो. हलक्या रॅकेट मुद्दाम हेड-हेवी करतात, म्हणजे चेंडूला थोडा जोर मिळतो.

हेडच्या, म्हणजे तारांच्या तोंडाच्या, आकाराबाबत शौकिया खेळाडूने फार डोकं खाजवू नये: १०० चौरस इंच घ्या. नवशिक्यांना आणि डबल्स खेळणाऱ्या ज्येष्ठांना १०५-११० बरं पडतं. ९५-९८ नियमित स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी. पीट सँप्रास ८५ चौरस इंचाने खेळला हे खरं, पण रॉजर फेडररसारख्यानेही ९० सोडून २०१४ पासून ९७ घेतलं, हे लक्षात असू द्या. तारांची मांडणी १६ बाय १९ (१६ उभ्या, १९ आडव्या) असेल तर टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी, सहज मिळतो; १८ बाय २० मध्ये चेंडू जास्त ताब्यात राहतो आणि तारा टिकतात. फ्रेमचा ताठपणा ‘आरए’ या आकड्यात देतात. ६८च्या वर ताठ, ६२च्या आसपास मऊ. कोपर किंवा खांदा कुरकुरत असेल तर ६५च्या खाली राहा.

खेळाच्या सामानाच्या साध्या दुकानात टांगलेल्या, तयार गटिंगच्या स्वस्त रॅकेट बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. गळ्यात वेगळा बसवलेला प्लास्टिकचा तुकडा दिसला की समजावं. महिनाभर खेळून आवड जोखायला त्या ठीक आहेत. वर्षभर खेळायचं ठरलं असेल तर पूर्ण ग्राफाइटची घ्या, भले मागच्या वर्षीचं मॉडेल किंवा जुनी असो. जुनी घेताना हेडच्या माथ्याकडे आणि ग्रोमेटजवळ, म्हणजे तारांच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्यांजवळ, नखाने चाचपा. रंगावरचा ओरखडा चालतो. नख अडकेल अशी केसासारखी बारीक चीर असेल तर ती फ्रेम गटिंगच्या ताणाखाली मोडू शकते.

पहिलं गटिंग सिंथेटिक गट (साधी नायलॉनची तार) किंवा मल्टिफिलामेंटचं (अनेक बारीक धाग्यांची मऊ तार), १.३० मिमी जाडीचं, ५० ते ५४ पाउंड ताणाला करून घ्या. पॉलिएस्टर दर महिन्याला तारा तोडणाऱ्यांसाठी आहे. ते हवंच असेल तर ताण दहा टक्क्यांनी कमी ठेवा. आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हात रॅकेट गाडीच्या डिकीत सोडू नका, त्या उष्णतेने तारांचा ताण सैल पडतो.

विकत घेण्याआधी डेमो, म्हणजे खेळून पाहायला रॅकेट, मिळाला तर निदान पाऊण तास खेळा: दहा मिनिटं रॅली, दहा मिनिटं व्हॉली, मग वीस-पंचवीस सर्व्हिस, शेवटी पॉइंट. क्रम हाच ठेवा, कारण रॅलीत सगळ्याच रॅकेट छान वाटतात. खोट व्हॉलीत आणि दमल्यावरच्या सर्व्हिसमध्ये दिसते.

मुलांसाठी

गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तशी रॅकेट घेऊ नका. लांब रॅकेट पेलवत नाही म्हणून मूल मूठ सोडून वर धरतं, दोन्ही कोपरं अंगाला चिकटवतं, आणि ती सवय पुढे जाता जात नाही. मुलाला सरळ उभं करा, हात बाजूला सैल सोडून रॅकेट हातात द्या, तोंड जमिनीकडे. टोक जमिनीला जेमतेम टेकलं की लांबी बरोबर. हात वाकवावा लागला तर रॅकेट मोठी आहे. अंदाजाने पाच-सहा वर्षांना २१ इंच, सात-आठला २३, नऊ-दहाला २५, अकरा-बाराला २६, पण वयापेक्षा उंचीवर भर द्या. चेंडूही त्याच हिशेबाने हवा. दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा नियम २०१२ पासून आहे. लाल, नारिंगी आणि हिरव्या ठिपक्याचे चेंडू अनुक्रमे ७५, ५० आणि २५ टक्के संथ असतात. २३ इंची रॅकेट आणि कडक पिवळा चेंडू ही जोडी दिली तर चेंडू मुलाच्या डोक्यावरून उडतो आणि चूक रॅकेटची वाटते. २६ वरून २७ इंचावर जाताना २५५-२७० ग्रॅमची, शून्य किंवा एक साइजची मूठ असलेली रॅकेट घ्या आणि तळव्याचं माप दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. या वयात हात भराभर वाढतो, आणि अर्ध्या साइजची गरज एका ओव्हरग्रिपने भागते.